वजनात कमी भरलेला गोळा

मित्रांनो, गोळाफेकीचा जुना लोखंडी गोळा म्हणजे मी. सध्या बेचवा नदीकाठच्या एका पोलीस ठाण्यात दार आपटू नये म्हणून दाराशी पडलेला असतो. वाईट वाटतं का म्हणाल, तर नाही. वाटायची सवयच मोडली.

ओतशाळेतून आलो तेव्हा माझं वजन चोख होतं. लिबुशे वानौसोवा नावाची दणकट मुलगी मला रोज मानेशी धरून फेकायची. थंडीत मी गारठलेला असायचो, म्हणून तिचे प्रशिक्षक मातौशेक मला आधी आपल्या कोटाखाली धरून ऊब द्यायचे. माझ्या जिवावर तिने पदकं जिंकली, वर्तमानपत्रात तिचे फोटो आले. माझा कुणी काढला नाही.

पण आपटून आपटून मी झिजलो. एका मोठ्या स्पर्धेआधी तराजूवर नियमाच्या वजनापेक्षा किंचित कमी भरलो. पंचांचं लक्ष नव्हतं. मातौशेकांनीच मला बाजूला ठेवलं. हलका तो हलका, म्हणाले. उसन्या गोळ्याने लिबुशे त्या दिवशी हरली.

पुढे तिचा खांदा गेला. ती पोलिसांत तपास अधिकारी झाली आणि मला इथे घेऊन आली.

गेल्या ऑक्टोबरात मातौशेक या दारातून आत आले. हातात बायकोने दिलेले कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव. जत्रेत दोन पेले दारू घेऊन परतताना त्यांच्या गाडीने एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला उडवलं होतं, आणि ते न थांबता घरी गेले होते. म्हातारा कंबर मोडून अंथरुणाला खिळला होता. तपास लिबुशेकडेच होता.

"लिबा, मी थांबलो होतो एवढं लिही," ते म्हणाले. "एका ओळीचं तुला काय जड आहे?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"सर, ह्याला बाजूला कोणी ठेवलं होतं?"

मातौशेक खुर्चीत बसले. "मीच," म्हणाले. मग हळूच, "लिही. नाही थांबलो."

तिने लिहिलं, त्यांनी सही केली. कोलाचे तसेच राहिले.

ते गेल्यावर तिने मला उचलून मानेशी धरलं. मी गार होतो. तिने मला परत दाराशी ठेवलं.

मित्रांनो, झिजलेल्या वस्तू टाकू नका. आणि कधी हातात घेतल्यात, तर आधी थोडी ऊब द्या. आमचं आम्हाला तापता येत नाही.