गाळणाऱ्या बहिणी

माझ्या पाठीत दोन बहिणी राहतात आणि दिवसभर रक्त गाळतात. बेचाळीस वर्षं त्यांचा आवाज कधी आला नाही. पोट वाढलं, त्यांची जागा कमी झाली, तशा त्या आतून ठोकू लागल्या.

मी कऱ्हाडच्या स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत बसतो. माझे हातपाय बारीक आहेत, सुटलंय ते फक्त पोट. लोकांना वाटायचं ते पुढे वाढतंय. ते मागेही सरकत होतं, हे मला कळत होतं.

डॉक्टर सरनोबतबाईंनी वजन केलंच नाही. कमरेला टेप लावली, मग पाठीला कान लावून ऐकत राहिल्या.

"धाकटी दमलीय," त्या म्हणाल्या. "लघवीला फेस येतो?"

"येतो. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं काय करत होतात, बोरगे?"

"बसलो होतो."

गुरुवारी दुपारी जेवताना माझा शर्ट मागून ओला झाला आणि धाकटी बाहेर आली. वीतभर उंचीची बाई, हातात गाळायचं फडकं. माझी बायको कुंदा भात वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं.

"वहिनी, जरा बसू का?" धाकटी म्हणाली. "आत मान वर करता येत नाही."

"आणि मोठी?" मी विचारलं.

"ती आता माझंही गाळते. वाकून."

संध्याकाळी माझे पाय सुजले. दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहायचा. मी धाकटीला म्हटलं, परत जा. ती म्हणाली, जागा करा.

मी भात सोडला. मीठ सोडलं. पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो, खिडकीत उभं राहून तिकिटं द्यायचो. पोट हटत नव्हतं. एकदा मी ते कुंदाच्या जुन्या साडीने आवळून बांधलं. आतून मोठी किंचाळली, म्हणून सोडलं. मी मोरीत बसून रडलो. कुंदा बाहेरून म्हणाली, "अहो, उद्या परत चालायला जाऊ. मी येते बरोबर."

पाच महिन्यांनी घेर सहा इंचांनी उतरला. मी टेप घेऊन धाकटीसमोर उभा राहिलो.

"झाली जागा," मी म्हटलं. "ये आता."

तिने फडकं उलगडून दाखवलं. ते वाळून पापडासारखं कडक झालं होतं. मध्ये भोकं होती. कुंदाने ते कोमट पाण्यात भिजवलं, रात्रभर ठेवलं. सकाळीही ते कडकच होतं.

"हे आता मऊ व्हायचं नाही, दादा," धाकटी म्हणाली.

"असंच घेऊन जा. थोडं तर गाळशील."

तिने फडकं काखेत मारलं. मग ती माझ्या पाठीमागे गेली. मी शर्ट काढून खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"काय दिसतंय?" मी कुंदाला विचारलं.

"मोठीचा हात बाहेर आलाय. धाकटीने तो धरलाय."

"ती आत चाललीय?"

कुंदा आणखी जवळ वाकली. माझ्या पाठीत काहीतरी ताणलं गेलं, एकदा आतल्या बाजूला, एकदा बाहेरच्या.

"कुंदा, कोण कोणाला ओढतंय?"

"हलू नका," ती म्हणाली.