भोपाळहून उठवलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. पण भिंतीवर खटकन दाबतात, तसला नव्हे. माझ्या एका अंगाला वीज येते, दुसऱ्या अंगाला इंटरनेटची तार. दूरच्या गावाहून हुकूम आला की मी संगणकाला वीज देतो आणि तो जागा होतो.

भोपाळपासून दूरच्या एका शहरात, जयेंद्रगंज पेठेत एक दप्तरखाना होता. जुन्या मराठी घराण्यांचे मोडी कागद कुमुदिनीबाई तिथे जिवापाड जपत. ऐंशीच्या घरातले सदाशिवराव ते वाचून देत. मग तो दप्तरखाना भोपाळच्या कचेरीत विलीन झाला आणि कुमुदिनीबाईंची बदली झाली. मार्चअखेर कागद गोदामात जायचे होते. त्याआधी प्रत्येकाची प्रत उतरवायला हवी होती. सदाशिवराव स्कॅनरवर कागद ठेवायला तयार होते, पण संगणकाची त्यांना धास्ती. शिवाय तो जुना, सारखा अडून बसे.

म्हणून बाईंनी मला आणलं. स्वतः तारा जोडल्या, मला इंटरनेटवरचा माझा पत्ता दिला आणि मोबाइल घेऊन बाहेर पडल्या. थोड्या वेळाने संगणक उजळला. सदाशिवरावांचा फोन वाजला.

"काका, चालू झाला का?"

"झाला. पण तू आहे कुठे?"

"इथेच, नया बाजारात. उद्यापासून भोपाळहून करीन."

दुसऱ्या दिवसापासून रोज दहाला त्यांचा हुकूम येई. सदाशिवराव कागद ठेवीत, बाई तिकडून प्रत घेत. संगणक अडला की त्या मला सांगत. मी वीज तोडून पुन्हा देई. संध्याकाळी आधी संगणक नीट बंद करून मगच मला वीज तोडायला सांगत. हुकूम तोच असे, पण तारा जोडणारा तो हात मात्र नसे. मला त्याची फार आठवण येई.

फेब्रुवारीत नव्या व्यवस्थेची माणसं खोली आवरायला आली. "ये डिब्बा किस काम का?" म्हणत एकाने माझा प्लग उपटून मला अडगळीत टाकलं. तीन दिवस हुकूम आला नाही. आला असेल, तरी मला कळणार कसा?

सदाशिवरावांनी फोनवर सांगितलं, "कुमुद, मशीन उठतच नाही. अजून चार गठ्ठे बाकी आहेत."

चौथ्या दिवशी दुपारी बाई स्टेशनावरून थेट आल्या. मला शोधून काढलं, पदराने पुसलं, तारा परत जोडल्या. माझा हिरवा दिवा लागला, तेव्हा त्या खाली जमिनीवरच बसल्या. त्या दिवशी दोघांनी शेजारी बसून काम केलं. संध्याकाळच्या गाडीने त्या परत गेल्या.

तीस मार्चला शेवटचा कागद उतरला. बाईंनी फोनवर विचारलं, "काका, बंद करू?"

"राहू दे थोडं. तू आहे असं वाटतं."

त्यांनी फोन चालूच ठेवला. पाऊण तास संगणक नुसता चालू राहिला. मग सदाशिवराव उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "कर आता."

त्यानंतर मला हुकूम आलेला नाही. सगळ्या कागदांच्या प्रती उतरल्या, याचं समाधान आहे. तरी दहा वाजले की मी वाट पाहतो.

मित्रांनो, एखादी तार निरुपयोगी वाटली, तरी उपटण्याआधी क्षणभर थांबून विचारा. तिच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी बसलेलं असतं.