चौथा खूर

मामाच्या घोडीचं नाव बाईसाहेब, आणि ते तिला कुणी उगीच ठेवलेलं नव्हतं. सफरचंद कापून दिलं तरच खाणार, ओली झूल अंगावर घेणार नाही, आणि मागचा डावा पाय तर कुणी मागायचाच नाही! खूर साफ करायला तो पाय उचलला, की सगळा भार तुमच्या पाठीवर टाकून ही जांभई देणार.

मामा भाचीला भिंगरी म्हणायचा. दोन महिन्यांपूर्वी खोगिरावर बसताना डोळे गच्च मिटणारी ही पोरगी आता दुडक्या चालीवर दोन्ही हात सोडायची. शाळेत मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग भोवती गोळा करून, घोडा कसा ताब्यात ठेवावा यावर भाषण ठोकायची.

तबेल्याच्या दारामागे एक पाटी होती. मामाचा नियम एकच: स्वारीआधी आणि स्वारीनंतर चारही खूर आकडीने कोरून साफ करायचे आणि प्रत्येक खुरामागे पाटीवर खडूने एक खूण करायची. शनिवारी फाटकाशी दोन मैत्रिणी येऊन उभ्या राहिल्या. भिंगरीने तीन खूर साफ केले, चौथ्याकडे पाहिलं, मैत्रिणींकडे पाहिलं आणि खडू उचलून चार खुणा करून टाकल्या. परत आल्यावरही तेच. तीन साफ केले ना, चौथ्यात काय सोनं अडकणार आहे?

सोनं नव्हतं, खडा होता. रविवारी सकाळी बाईसाहेब तो पाय नीट टेकेनात. तबेल्यात दुसरं कुणी नव्हतं. भिंगरीने कसाबसा पाय उचलला, तर नालेच्या आतल्या कडेला चपटा खडा घट्ट रुतून बसलेला. तिने तो आकडीने उपटला आणि खिशात टाकला. निघाला ना, झालं तर मग! आता कुणाला सांगून काय करायचं?

सोमवारी शाळेतून ती थेट तबेल्यात आली, तर घोडी तीन पायांवर उभी आणि शेजारी मामा आणि नालबंदकाका. गुरुवारी काकांनीच नवी नाल ठोकली होती.

मामा म्हणाला, "काका, राग मानू नका, पण मला खिळ्याचीच शंका येतेय. आत लागला असणार."

काका वयाने मामाच्या वडिलांएवढे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मोठ्या चिमट्याने खूर कडेकडेने दाबून पाहिला. बाईसाहेब प्रत्येक दाबाला पाय झटकत होत्या.

"हिला कुठेही हात लावा, अपमानच होतो. कळायचं कसं?" काका म्हणाले. मग त्यांनी मान वळवून दारामागे पाहिलं. "खडा रुतला म्हणावं, तर पाटीवर रोज दोन्ही वेळच्या चार-चार खुणा आहेत. पोरगी मन लावून करते. म्हणजे खिळाच. माझाच."

पोरगी मन लावून करते. भिंगरीच्या कानांतून वाफा निघायला लागल्या. खिशातला खडा एकदम धोंड्याएवढा वाटला.

काकांनी नाल काढली. एकेक खिळा उजेडात धरून निरखला. रक्त कुठेच नव्हतं, तरी ते म्हणाले, "मांसाजवळून गेला असेल. नजर पूर्वीसारखी राहिली नाही, भाऊ. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलवा. मीही आता हत्यारं ठेवून देतो."

मामा "छे छे, असं काय बोलता" म्हणेल, म्हणून भिंगरी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मामा काहीच बोलला नाही.

"काका, खडा होता," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की घोडीनेच आधी कान टवकारले.

"काय गं?"

तिने खिशातला खडा काढून पुढे केला. "काल मी काढला. शनिवारी हा पाय उचललाच नव्हता. आधी पण नाही, नंतर पण नाही."

"आणि पाटीवरची खूण?" मामाने विचारलं.

"खोटी."

"कालपासून हा खडा खिशात घेऊन माझ्यासमोर हसतखेळत फिरतेयस?"

ती बुटांकडे बघत राहिली. बूट चकचकीत होते. बुटांना पॉलिश करायला तिला शनिवारी बरोबर वेळ मिळाला होता.

काकांनी खडा घेतला. खुराच्या तळाला नालेलगत एक काळसर डाग होता, त्यावर तो ठेवून पाहिला. तंतोतंत बसला. मामाने सफरचंदाची फोड पुढे करून घोडीचं लक्ष वेधलं, तसं काकांनी खिळ्यांच्या जागा पुन्हा दाबल्या. बाईसाहेब निवांत चघळत होत्या. डागावर दाब पडताच मात्र पाय हिसकला गेला.

"तळ ठेचलाय," काका म्हणाले. "पंधरा-वीस दिवस स्वारी बंद, आणि रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय."

"काका, मी चुकलो. माफ करा मला," मामा म्हणाला.

मामाला कुणाची माफी मागताना भिंगरीने जन्मात पाहिलं नव्हतं. तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

काका रागावले नाहीत, 'जाऊ दे बाळ' असंही म्हणाले नाहीत. चष्मा पुसत एवढंच बोलले, "चाळीस वर्षांत माझ्या हाताला कुणी नावं ठेवली नव्हती. आज तुझ्या पाटीवर विश्वास ठेवून मीच ठेवायला निघालो होतो."

ती बादली घेऊन आली. घोडीचा पाय उचलून पाण्यात सोडला आणि धरून बसली. बाईसाहेबांनी सगळा भार तिच्या खांद्यावर टाकून जांभई दिली. तेवढ्यात फाटकावरून हाक आली, "ए भिंगरी, आज पण हात सोडून दाखवणार ना?"

काका दोन हातांवर हत्यारं पिशवीत भरत होते. मामा खोगीर उचलून आत नेत होता. "घोडीला बरं नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही. ती लंगडतेय," ती म्हणाली. "मी खूर साफ न करताच खूण केली, म्हणून."

दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून बादलीत टपकलं, आणि दोन्ही हात अडकलेले, पुसणार कशाने?

काकांनी पिशवीचा बंद आवळला. तिच्याकडे न बघता म्हणाले, "पाणी गार झालंय. बदल."