मोरूच्या फोटोमागचा मी

मित्रांनो, मोहोपाड्याच्या एका घरात मी भिंतीवर टांगलेला आहे. पण तुम्ही आलात तर मी तुम्हाला दिसणार नाही. मी अमेरिकेतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठाचा जुना कागद आहे. माझ्यावर लाल टोपी घातलेले, बर्फात बसून हसणारे गुटगुटीत बाळ छापलेले आहे.

एकोणीसशे बासष्ट साली इथल्या रसायनांच्या कंपनीत आलेल्या एका परदेशी इंजिनिअरच्या पेटीतून मी इकडे आलो. साहेब परत निघाले, तेव्हा त्यांच्या बंगल्यावर काम करणाऱ्या नागूने जुनी मासिके मागून घेतली आणि त्यांच्या मुखपृष्ठांनी आपले घर सजवले. मोटार आणि जहाज त्याने खळीने भिंतीला चिकटवले. मला मात्र काचेची चौकट मिळाली, कारण त्याची आई गौराबाई म्हणाली होती, “सून पोटुशी हाय. ह्ये गुटगुटीत प्वार तिच्या डोळ्यांसमोर ऱ्हाऊ दे.”

शेजारच्या विमलबाई मला पाहून हसल्या. “अगं, ह्याला कंपनीच्या पावडरीत कशाला बसवलाय?”

“पावडर नाय गं, मीठ हाय,” गौराबाईने ठामपणे सांगितले.

सून शकू मात्र हसली नाही. तिची दोन बाळे जन्मताच गेली होती. घरात कुणी नसताना माझ्या काचेवर बोट टेकून ती म्हणाली, “ह्यो जगू दे रं. जगला तर तुला या भिंतीवरनं कधी उतरवायची नाय.” मी कागद, माझ्या हाती काय होते? तरी मी हसत राहिलो.

मोरू जन्मला, सावळा, किडकिडीत.

“बघितला गोरा नि झाला काळा!” विमलबाईंनी टोमणा मारला.

“रडतोय ना मोठ्यानं? मंग झालं,” शकू म्हणाली, आणि तिने माझ्या काचेवर कुंकवाचे बोट लावले.

पुढे सोळा वर्षे दर रविवारी ती माझी काच ओल्या फडक्याने पुसत असे. मोटार आणि जहाज भिंतीच्या ओलीने गळून पडले, मी राहिलो. मोरू मला ‘दादा’ म्हणे. मित्रांनो, मी ते खरे मानले.

मोरू मॅट्रिक पास झाला. खोपोलीच्या स्टुडिओत त्याचा मोठा फोटो काढला. शकूने मला फडक्यात गुंडाळून जलाल फ्रेमवाल्याकडे नेले. मला वाटले, माझी तडकलेली काच बदलणार.

“मावशी, हीच चौकट चालेल,” जलाल म्हणाला. “जुनं चित्र मागं ठेवतो, फोटोला टेका होईल.”

“ठेव,” शकू म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. फोटोची कोरी पाठ माझ्या तोंडावर आली आणि मागून बारीक खिळे ठोकले गेले.

परवा मोरूच्या बायकोने विचारले, “आई, ह्ये सांगत व्हते, हितं आधी गोऱ्या पोराचं चित्र व्हतं. खरं का?”

“हाय की गं, फोटोच्या मागं हाय. मी शबूद दिलावता. भिंतीवरनं उतरवला नाय मी त्याला.”

अंधारात ते ऐकून मला रडावेसे वाटले. पण माझ्यावर छापलेले हसू पुसता येत नाही.

मित्रांनो, नवे आले की जुन्याने जागा द्यावी, हे मला कळते. धाकट्या भावासाठी मी ती आनंदाने दिली असती. तुम्ही कुणाला असे हलवाल, तेव्हा एकदा त्याच्या तोंडाकडे पाहून सांगा, एवढेच मागणे आहे.

अजूनही रविवारी शकू काच पुसते. ओलाव्याचा गारवा फोटोतून झिरपत माझ्यापर्यंत येतो. दर वेळी वाटते, आता ती विचारील, ‘कसा हायस रं?’ फडके मोरूच्या चेहऱ्यावरून फिरते आणि थांबते.