साचे न्यायला आलेला ट्रक

पहिला दगड ट्रकच्या दारावर बसला, तेव्हा सावळीराम आतून फाटकाला कुलूप लावत होता.

"किल्ली तुमच्याकडंच ठेवा, दाजी," किशोर ओरडला. "दुसऱ्या कुणाचा भरवसा नाय."

किशोर त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. सिन्नरच्या या कारखान्यात त्याला सावळीरामनंच चिकटवलं होतं. इथं मोटारींच्या दारांचे पत्रे दाबून तयार व्हायचे. सावळीरामचं उभं आयुष्य प्रेसवर गेलं होतं. कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून किल्ली त्याच्याकडे आली.

कारखाना बुडत होता. बँकेनं हात आखडला होता, मालक फिरकत नव्हता, पगार थकले होते. कधी पत्रा नसायचा, कधी वीज. मोटार कंपनीला माल वेळेवर मिळेना. तिची माणसं आधी फोन करायची, मग रोज येऊन बसायला लागली. आज ती ट्रकच घेऊन आली. दारांचे साचे कंपनीच्या मालकीचे; ते उचलून ती दुसऱ्या कारखान्यात नेणार होती. साचे गेले की मागे राहील ते नुसतं लोखंड, हे सगळ्यांना कळत होतं.

एक साचा तर ट्रकवर चढलाही होता.

"ऐका ना माझं!" कंपनीचा इंजिनिअर प्रफुल्ल ट्रकच्या पायरीवर उभा राहून विनवत होता. "दारं मिळाली नाहीत तर आमचंही काम बंद पडेल. तिकडेही माणसंच आहेत!"

"आन् आमी कोण? जनावरं?" जमलेल्या कामगारांतून आवाज आला.

कुणीतरी त्याचे पाय ओढले. तो हनुवटीवर आपटला. मग लाथा सुरू झाल्या, पोटात, पाठीत, तोंडावर. ड्रायव्हरनं कुंपणावरून उडी टाकली. प्रफुल्ल हातांनी डोकं झाकत होता, तर कुणी त्या बोटांवर बूट ठेवला.

सावळीराम गर्दीत घुसला. "आरं, सोडा त्याला! मरंल!"

किशोरच्या हातात लोखंडी गज होता. तो एकदा खाली आला. ओला, बोथट आवाज झाला. पुन्हा आला. तिसरा घाव सावळीरामनं आपल्या दंडावर घेतला, आणि हाड मोडल्याचं त्याला स्वतःला ऐकू आलं.

गर्दी एकदम मागं सरली. प्रफुल्लचा डावा डोळा दिसत नव्हता. तिथं फक्त रक्त होतं.

"अँब्युलन्सला वेळ लागंल म्हणत्यात," तपासणी विभागातली मनीषा फोन कानाला लावून रडत म्हणाली.

सावळीरामनं ट्रककडे पाहिलं. चावी आतच होती. "धर गं याला."

"ट्रक भाईर गेला तर साचा गेला, दाजी!" किशोर आडवा आला. "आधी साचा उतरवू."

"तवर हा ऱ्हाईल का?"

दोघांनी मिळून प्रफुल्लला कसंबसं केबिनमध्ये चढवलं. मनीषा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सावळीराम फाटकाकडे निघाला, तर ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला ती माणसं त्याच्यावर तुटून पडली. कुणी कानशिलात मारली, कुणी सदरा फाडला. एकानं मोडलेला हात पिरगाळला. तो गुरासारखा ओरडला. पण किल्ली सोडली नाही. कुलूप काढलं.

तरुणपणी त्यानं टोमॅटोचा टेम्पो चालवला होता. एका हातानं ट्रक सुरू केला. समोर किशोर उभा.

"व्हय बाजूला."

किशोरनं गज फिरवला. काच फुटून सावळीरामच्या तोंडावर आली. ट्रक थांबला नाही. शेवटच्या क्षणी किशोर बाजूला झाला आणि मागून दगड येत राहिले.

प्रफुल्ल जगला. डोळा गेला. उरलेले साचे कंपनीनं पोलीस बंदोबस्तात नेले आणि कारखाना पुन्हा उघडला नाही. गज कुणी मारला, असं पोलिसांच्या साहेबांनी विचारलं तेव्हा सावळीरामनं किशोरचं नाव सांगितलं. त्याच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं 'फितूर' लिहिलं. त्याची बायको भागुबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि आत जायची.

एका सकाळी ती पिशवीत भावाचे कपडे भरून दारात उभी राहिली. "तुरुंगापर्यंत सोडा," एवढंच म्हणाली.

सावळीरामनं मोटारसायकल काढली. नाशिकरोडच्या तुरुंगाशी भागुबाई उतरली. ती आत गेली. तो समोरच्या लिंबाखाली थांबला.

ती बाहेर आली ती रिकाम्या पिशवीची घडी घालत.

"वाळलाय लय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दाजींचा हात कसा हाय, इचारत व्हता."

सावळीरामनं तो हात वाकवून बघितला. हात कोपरात पुरता वळत नव्हता. तो गाडीवर बसला. भागुबाई मागे बसली आणि तोल सावरायला, कितीतरी दिवसांनी, तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.