चाळिसावं चित्र

चाळीस चित्रांपैकी एकोणचाळीस झाली होती. सदतीस उत्तरं जुळली होती, दोन नव्हती. पास व्हायला अडतीस लागत होती आणि शेजारच्या टेबलावरच्या काकूंच्या पडद्यावर शेवटचं चित्र उघडं होतं: एक रक्तपेशी, कडा धूसर. चार मिनिटं उरली होती.

आमचं काम चित्र पाहून पेशी मलेरियाने बाधित की सामान्य हे सांगायचं. प्रत्येक चित्र तिघांकडे जातं. दोघांचं एकमत झालं की तेच बरोबर उत्तर, आणि तेच रक्त तपासणाऱ्या मशीनच्या मॉडेलला शिकवतात. परीक्षेत ज्याची पंच्याण्णव टक्के उत्तरं बहुमताशी जुळतात, त्याला वरच्या मजल्यावर मॉडेल बनवणाऱ्यांत घेतात. पगार अडीचपट.

मी सकाळीच पास झाले होते. काकू पंचेचाळिशीच्या. आधी सोळा वर्षं त्यांनी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली रक्त पाहिलं होतं. त्यांच्या नवऱ्याचा, काकांचा कारखाना बंद पडला, तेव्हा ‘डेटात पैसा आहे’ असं ऐकून त्या इकडे आल्या. परीक्षा तीनदाच देता येते. ही तिसरी.

फोन थरथरला.

“झालं का गं?” काकांचा आवाज मलाही ऐकू आला.

“अहो, चालू आहे.”

“नाही, मी काही घाई करत नाही...”

“घाईच करताय. ठेवा बघू.”

त्यांनी चष्मा पुसला, चित्र मोठं केलं. पेशीच्या आत एक बारीक कडी होती, मलेरियाच्या जंतूची खूण. त्यांनी बोट ठेवलं म्हणून मला दिसली.

“बाकीच्या दोघांना दिसली असेल?”

“खरं सांगू, काकू? नसेल. पेशीकडे बघू नका, त्या दोघांना काय वाटलं असेल ते बघा. मी तेच केलं.”

“म्हणजे सकाळभर तू पेशी पाहिल्याच नाहीस?”

“पाहिल्या. पेशींचं मत नाही विचारलं.”

त्या हसल्या. टाच मात्र खुर्चीच्या पायावर आपटतच होती.

“आणि मशीन काय शिकेल?”

“आपण शिकवू ते. पगार त्याचाच मिळतो.”

“हं. आणि उद्या हे रक्त ज्याचं, त्याला ते सांगेल, काही झालं नाही, घरी जा.”

एक मिनिट राहिलं. बाण ‘सामान्य’वर गेला आणि तिथेच थांबला. मला बघवेना. मी माझ्या पडद्याकडे वळले. मागे बटण दाबल्याचा आवाज आला.

मी वळून पाहिलं, तोवर निकाल आला होता.

तुमचं उत्तर: बाधित. इतर दोन: सामान्य. जुळणी: चाळीसपैकी सदतीस, साडेब्याण्णव टक्के.