डब्यातली गाठ

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावरच्या टेबलावर ताईचा धाकटा भाऊ शर्ट वर करून उताणा पडला होता, आणि बिनसुरीबाबा त्याच्या पोटावर ओला कापूस फिरवत होते.

“डॉक्टर भोकं पाडतात, आत दुर्बीण घालतात. आमची नजर तशीच आरपार जाते,” बाबा म्हणाले आणि नाकावरचा चष्मा सावरला. लोकांनी माना डोलावल्या.

भावाच्या आतड्यात गाठ होती. गुरुवारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली होती. ती जिथे होणार होती, त्या शस्त्रक्रियागृहात ताई वीस वर्षं परिचारिका. तिने भावाला शंभरदा सांगितलं होतं, “ठरवून केलं तर छोट्या छेदांत भागेल. आतडं तुंबून फुटलं तर घाईत अख्खं पोट उघडायची पाळी येईल, जिवावरही बेतेल.” पण पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांची बोटं पोटात शिरलेली दिसली. लाल पाणी ओघळलं. गुलाबी गाठ वर आली. पोटावर ओरखडाही नव्हता. सुटलो या आनंदाने भाऊ ढसाढसा रडला.

एरवी बाबांचे शिष्य अशी गाठ लगेच शेगडीत जाळून टाकत. पण शस्त्रक्रियागृहात पोटातून निघालेलं काही फेकत नाहीत, तपासणीला पाठवतात. भावाच्या उशाशी उभ्या असलेल्या ताईने सवयीने जेवणाचा रिकामा डबा पुढे केला, आणि सर्जनच्या थाटात रंगलेल्या बाबांनी गाठ त्यात टाकली.

ताईने डबा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत दिला. बुधवारी सकाळी अहवाल आला: कोंबडीचं आतडं. आत मक्याचे दोन दाणे.

“मग माझी गाठ?” भावाने विचारलं.

“जागच्या जागी आहे.”

“बोटं आत गेलेली सगळ्यांनी बघितली.”

ताईने त्याच्याच पोटावर बोटं मुडपून दाबली. वरून पाहिलं तर चारही गायब. “आतडं आणि रंग, दोन्ही कापसात लपवलेले असतात.”

“पण तेव्हापासून दुखलं नाही गं.”

“अशी गाठ रोज दुखत नाही. त्यावरच त्यांचं दुकान चालतं.”

भावाने शर्ट खाली ओढला. “बाबांनी बरं होण्याची खात्री दिली. डॉक्टर देतात?”

“नाही. काय बिघडू शकतं ते आधी सांगतात, मग सही घेतात. मलाही भीती वाटते रे. तुझ्याशिवाय मला कोण आहे?”

पोटातून काही काढून दाखवणाऱ्याला एवढंच म्हणावं: तपासायला द्या. देत नसेल, तर उठावं आणि दवाखाना गाठावा. भाऊ त्याच दुपारी उठून दाखल झाला, गुरुवारी त्याची गाठ निघाली, म्हणून आज आहे.